गाढवांची वाट

पोलीस पाटलाचं काम काय असतं, असं मला कुणी आज विचारलं तर मी सांगेन, की लोकांना त्यांच्याच भल्याची गोष्ट सांगायची आणि वर शिव्या खायच्या. वडील अचानक गेले आणि वतन माझ्या गळ्यात पडलं, तेव्हा मी पंचविशीसुद्धा गाठली नव्हती. लढाईची वर्षं होती. कर्जतच्या कचेरीत फौजदारसाहेबांनी मला समोर उभं करून सांगितलं, "पाटील, चोरी झाल्यावर पंचनामा कुणीही करतो. चोरी होऊ देऊ नका, आग लागू देऊ नका, त्याला म्हणतात बंदोबस्त." मला ते फार पटलं. कर्जतहून गावाकडे परतताना सगळ्या वाटेनं मी मनात मोठमोठे बेत करत होतो. गावात पाऊल टाकल्यावर ते बेत कुठं गेले, ते आजवर मला कळलेलं नाही.

आमचं गाव सीना नदीच्या अलीकडचं, कोरडवाहू. जोंधळा हेच पीक, आणि कणसाइतकाच कडब्याला मान, कारण उन्हाळाभर बैल जगवायचे ते त्या कडब्यावर. माघात काढणी झाली की प्रत्येक घर आपला कडबा उचलून गावाच्या कडेच्या माळावर आणायचं आणि तिथं त्याची गंजी रचायचं. शेतात का ठेवत नव्हते? तर शेतातल्या पेंढ्या कोण ओढून नेईल याचा भरवसा नाही. बरं, मग माळावर तरी सुटसुटीत रचाव्यात? छे! प्रत्येकाला आपली गंजी दुसऱ्याच्या गंजीला चिकटूनच हवी, म्हणजे चोराला मधे शिरायला जागा नको. आणि हा चोर कोण, तर कुणी बाहेरगावचा नव्हे. शेजारची गंजी ज्याची, तोच. असा सगळ्या गावाचा वर्षाचा चारा एकाच ढिगात गोळा व्हायचा, आणि त्याला पेटायला एक ठिणगी पुरे होती.

ठिणगीची सोयही गावानंच करून ठेवली होती. प्रत्येक घराचा एक माणूस रात्रीचा आपापल्या गंजीपाशी राखणीला निजायचा. माघातली थंडी, लढाईपायी कंदिलाला रॉकेल मिळत नाही, म्हणून हे राखणदार शेकोट्या करायचे. वारा लागू नये म्हणून त्या कुठं, तर गंजीच्या बुडाशी आडोशाला! आगपेट्याही तेव्हा सहजी मिळत नव्हत्या. त्यामुळे सकाळी उठून भाकरी खायला घरी जाताना निखारे राखेत पुरून ठेवायचे, म्हणजे संध्याकाळी फुंकर घातली की झालं. हे सगळं मी रोज डोळ्यांनी बघत होतो.

मी पारावर बैठक बोलावली. दोन गंज्यांमध्ये बैलगाडी जाईल एवढी जागा सोडा, शेकोटी माळाच्या बाहेर करा, आणि घरटी एक माणूस बसवण्यापेक्षा आळीपाळीनं चौघांनी सगळ्या माळाची राखण करा, असं मी सांगितलं. साधी गोष्ट होती. पण भावकीतले माझे एक चुलते पुढे बसले होते, माळावरची सगळ्यात मोठी गंजी त्यांची, आणि गावातला सगळ्यात मोठा आवाजही त्यांचाच.

"म्हंजी त्याच्या पाळीला माज्या पेंढ्या जायच्या, आन माज्या पाळीला त्याच्या," ते म्हणाले. "त्यापरीस आपलं आपन बसल्यालं काय वाईट?"

"तात्या, तुम्ही त्याच्या पेंढ्या नेणार आहात का?"

"मी कशाला नेतोय? पन त्यो नेईल. मग मला न्याव्याच लागत्याल का न्हाई?"

सगळी बैठक हसली आणि माना डोलावू लागली. ज्याच्याविषयी ते बोलत होते तो शेजारच्या गंजीवाला तिथंच बसला होता, आणि तोही मान डोलावत होता. मी म्हटलं, बरं, ते सोडा. निदान सकाळी उठताना त्या निखाऱ्यांवर तांब्याभर पाणी तरी ओतत जा.

यावर मात्र कुणी हसलं नाही. चुलत्यांनी माझ्याकडे असं पाहिलं, जणू मी काहीतरी अभद्र बोललो होतो. "विस्तवावर पानी मसनात वततात, बाबा. भरल्या गावात न्हाई. तुला कुनाला पोचवायचंय का? आन सांजच्याला पेटवायला आगपेटी तू देनार, का तुझा फौजदार देनार?"

पालथ्या घड्यावर पाणी! मी तणतणत घरी आलो. आई म्हणाली, "तुझ्या वडलांनीबी सांगून बघितलं हुतं. त्येंनी एकदाच सांगितलं, शाने हुते." मी मात्र शहाणा नव्हतो. मी त्या महिन्यात दारोदार जाऊन सांगितलं आणि तोंडाला फेस आणला.

सगळ्या माळावर मोकळी अशी एकच जागा होती, आणि ती गावानं सोडलेली नव्हती. माळाच्या पल्याडच्या कडेला कुंभाराचं घर होतं आणि त्याच्याजवळ आवा, म्हणजे मडकी भाजायची भट्टी. कुंभाराची गाढवं ओढ्याकाठची माती आणायला रोज माळामधून आरपार जात-येत. लादलेली दोन गाढवं समोरासमोर आली तरी घासू नयेत एवढी ती वाट रुंद, आणि पिढ्यान् पिढ्या खुरांनी तुडवून गवताची काडी नसलेली, खोलगट. वहिवाटीची वाट कुणी अडवत नाही, एवढा एक कायदा आमच्या गावाला पाठ होता. भाऊ भावाचा बांध रात्रीतून कोरायचा, पण चालती वाट नांगरायला धजायचा नाही. म्हणून गंज्या त्या वाटेच्या दोन्ही अंगांनी उभ्या राहात आणि वाट तेवढी उरायची.

मग एका संध्याकाळी एका गंजीच्या कडेला जाळ उठला. चार माणसांनी घोंगड्यांनी झोडपून तो विझवला. मला वाटलं, चला, बरं झालं, आता तरी यांचे डोळे उघडतील. दुसऱ्या दिवशी गाव माझ्या दारात आलं ते ठराव करूनच. आवा हलवा! त्या आव्याच्या ठिणग्या उडतात, कुंभाराला ओढ्यापलीकडच्या खडकाळीवर पाठवा. आता तो आवा माळाच्या पार पलीकडच्या टोकाला, वाऱ्याच्या उलट्या अंगाला, आणि जाळ उठला होता तो चुलत्यांच्या शेकोटीपासून दोन हातांवर. आग रामेश्वरी आणि बंब सोमेश्वरी म्हणतात ते हेच. चुलत्यांचा आवाज अर्थातच सगळ्यांच्या वर. त्यांची गंजी त्या वाटेला लागून होती. कुंभार गेला की वाट गेली, आणि वाट गेली की गंजी आणखी पसरता येणार होती. हे सगळ्या गावाला कळत होतं आणि कुणी बोलत नव्हतं.

कुंभाराचे गुडघे धरलेले होते. तो चाकावर बसायचा, बाकी सगळं कुंभारीण बघायची. माती आणणं, मळणं, आवा लावणं, बाजार. पन्नाशीची, काटक आणि तोंडाची फटकळ बाई. खडकाळीवर ना माती, ना पाणी. तिथं घालवणं म्हणजे त्यांचं चाक कायमचं थांबवणं होतं. मी तिच्याकडे गेलो आणि म्हटलं, "मावशी, शिमगा होईपर्यंत आवा लावू नका. तुमचा आवा थंड असला म्हणजे गावाला तुमच्यावर बोट दाखवता येणार नाही. मग तुम्हाला इथून कुणी हलवणार नाही, हा माझा शब्द."

तिनं हातातला चिखल खाली आपटला. "पाटील, ह्येच दिस आमच्या कमाईचं. उन्हाळ्याचे माठ आत्ता न्हाई भाजायचे तर काय आखाडात भाजू?"

आतून कुंभार म्हणाला, "ऐक त्येंचं." मग ती म्हणाली, "बरं. तुमच्या सबदावर ठिवते थंड. बगा हं." तिच्या अंगणात कच्च्या माठांच्या ओळी लागत गेल्या आणि तशाच वाळत राहिल्या. मी पारावर सगळ्यांना सांगितलं, की कुंभारणीनं माझ्या सांगण्यावरून आवा बंद ठेवलाय. चुलते म्हणाले, "कुंभार आवा लावल्याबिगर ऱ्हातोय व्हय? चोरून लावत आसंल." आणि त्याच आठवड्यात त्यांच्याच घरून कुंभारणीला निरोप गेला, की उन्हाळ्याचे माठ अजून का आले नाहीत! गावाला आवा नको होता, मडकी मात्र वेळेवर हवी होती.

शिमगा तोंडावर आला. होळीला पोरं काय वाट्टेल ते पळवतात, म्हणून राखणदार वाढले आणि शेकोट्याही वाढल्या. एका सकाळी मी ओट्यावर राखुंडीनं दात घासत उभा होतो. राखणदार नुकतेच भाकरी खायला परतत होते. अंगणातला पाचोळा गरगरला, वारा सुटला, आणि माळावरून काळा धूर वर आला. मी तसाच राखुंडीच्या तोंडानं पळालो.

चुलत्यांची गंजी पेटली होती. तिला चिकटलेली दुसरी पेटली, तिला चिकटलेली तिसरी. सगळं गाव घागरी घेऊन धावलं, पण गंज्यांच्या मधे शिरायलाच जागा नव्हती! चोराला मज्जाव करून ठेवला होता ना, आता पाणी घेऊन येणाऱ्यालाही मज्जाव. माणसं लांबून पाणी फेकत होती आणि ते निम्म्यातच धुळीत पडत होतं. उभं राहता येत होतं ते फक्त गाढवांच्या वाटेवर. मी तिथं पोहोचलो तर कुंभारीण आधीच तिथं. मडक्यांसाठी मळून ठेवलेली ओली माती ती पाटीनं आणत होती आणि वाटेपलीकडच्या गंज्यांच्या तोंडावर थापत होती. कुंभार अंगणात बसल्या बसल्या तिला पाट्या भरून देत होता. मग आम्ही सगळेच ती माती उचलून थापायला लागलो. घोंगड्या भिजवून झोडपायला लागलो. जाळ वाटेच्या काठापर्यंत आला, दोनतीनदा वाकून बघितलं, आणि पुढे खायला काही नाही म्हणून तिथंच बसला.

वाटेच्या अलीकडच्या सगळ्या गंज्या गेल्या. पलीकडच्या सगळ्या वाचल्या. निम्म्या गावाचे बैल उपाशी मरणार होते आणि निम्म्या गावाचे जगणार होते. मला रडू येत होतं, आणि रडण्यापेक्षा जास्त संताप येत होता.

चुलते थोडा वेळ डोक्याला हात लावून बसले. मग एकाएकी उठले आणि ओरडले, "आवा! म्या सांगत हुतो! फोडा त्यो आवा!" आणि मघाशी जिच्या मातीनं गंज्या वाचल्या तिच्याच दारावर पन्नासेक माणसं काठ्या घेऊन निघाली. चोर सोडून संन्याशाला फाशी! मी आडवा गेलो, ओरडलो, कुणी ऐकेना. कुंभारीण आव्यापुढे हात पसरून उभी राहिली. मी म्हटलं, "फोडायचाय ना? आधी हात घालून बघा, राख गरम आहे का."

चुलते पुढे झाले, आव्याच्या खड्ड्यात वाकले आणि दचकून मागे सरले. आतून कुत्री गुरगुरली. आव्याच्या थंड राखेत गावातली एक कुत्री व्याली होती. तिच्यामागून तिची पिल्लं एकामागून एक लडबडत बाहेर आली आणि उन्हात डोळे मिचकावत उभी राहिली.

कुणीतरी हळूच म्हणालं, "डोळे उघाडल्यात की पिल्लांचे."

खेड्यातल्या माणसाला यापुढे काही सांगावं लागत नाही. पिल्लांचे डोळे एका रात्रीत उघडत नाहीत, दहा-बारा दिवस लागतात. काठ्या खाली आल्या. मी म्हटलं, "आता चला, तात्या, तुमची शेकोटी बघू." तिथं जळालेल्या गंजीच्या बुडाशी त्यांच्या शेकोटीचे तीन दगड जसेच्या तसे होते, आणि त्यांच्यापासूनच काळा पट्टा सुरू झाला होता. चुलते म्हणाले, "नशीब एकेकाचं." बाकीचे म्हणाले, व्हय, नशीबच. एकानंसुद्धा कुंभारणीकडे मान वळवून पाहिलं नाही.

माणसं पांगल्यावर ती माझ्यावर उसळली. "पाटील, तुमच्या सबदावर मी आवा थंड ठिवला. कुत्रीनं पिल्लं घातली म्हनून वाचले. ती दुसरीकडं व्याली आसती तर? तुमचा सबूद कुटं हुता मगाशी?" तिची मळलेली सगळी माती गंज्यांच्या तोंडावर वाळत होती. तिचं खरं होतं. मी ओरडत होतो तेव्हा माझा शब्द पन्नास माणसांच्या गोंगाटात कुणाला ऐकूही आला नव्हता.

आता यानंतर तरी गाव शहाणं होईल की नाही? दोनच दिवसांनी मी माळावर गेलो आणि बघतच राहिलो. गाढवांच्या वाटेच्या दोन्ही काठांना धोंड्यांच्या ओळी! पुढच्या वर्षीच्या गंजीसाठी लोकांनी आत्ताच जागा धरून ठेवल्या होत्या. वाटेपाशी आग थांबते, एवढंच त्यांना समजलं होतं. आधी एका माळावर दाटी होती, आता सगळं गाव एका वाटेला चिकटणार होतं. धोंड्यांवरून दोघांची डोकी फुटायचीच काय ती बाकी होती. चुलत्यांचा धोंडा सगळ्यात मोठा आणि वाटेत हातभर आत सरकवलेला. गाढवापुढे वाचली गीता असं आपण म्हणतो, पण गाढवं निदान ऐकत उभी राहतात.

तिथं त्या धोंड्यांमध्ये उभा असताना मला सुचलं. हे लोक माझं ऐकत नाहीत, फौजदाराचं ऐकत नाहीत, आगीचंही ऐकत नाहीत. वाटेचं मात्र ऐकतात. मग वाटाच वाढवल्या तर? मी कुंभारणीकडे गेलो. म्हटलं, "मावशी, पुढच्या सुगीपर्यंत गाढवं रोज एकाच वाटेनं नेऊ नका. आज इथून, उद्या तिथून. माळाला आडव्या-उभ्या वाटा पडू द्या."

ती पहिल्यांदाच हसली. पण लगेच म्हणाली, "करीन. पन ह्या डावाला तुमचा एकल्याचा सबूद न्हाई चालायचा. समद्या गावानं चावडीवर म्हनायला पायजे, का कुंभाराची जागा कुंभाराची. आन आवा कवा लावायचा ते मी ठरवनार."

मी चावडीवर गाव जमवलं. कुंभारीण बाहेर भिंतीला टेकून उभी होती. आवा थंड होता, तिनं तोटा सोसला, तिची माती गेली, हे सगळं मी मांडलं. लोक जांभया देत होते. मग चुलतेच उठून उभे राहिले. "गाढवाची वाट हुती म्हनून निम्मं गाव वाचलं," ते म्हणाले. "गाढवं ऱ्हायलीच पायजेत गावात." सगळे म्हणाले, व्हय व्हय, गाढवं पायजेत. "आन गाढवं ऱ्हायची तर त्यांचं धनी कुटं जानार? ऱ्हाऊ द्या हितंच." झाला ठराव एकमतानं. त्यासाठी माझ्या युक्तिवादाची गरजच पडली नव्हती.

त्या पावसाळ्यात गाढवं सगळ्या माळावर फिरली. ओल्या जमिनीत खुरं रुतली आणि दिवाळीपर्यंत पाचसहा नव्या वाटा पांढऱ्या पडल्या. लोक कुरकुरले, धोंडे उचलून इकडचे तिकडे केले, चुलत्यांनी कुंभाराच्या सात पिढ्यांचा उद्धार केला. पण चालत्या वाटेवर गंजी रचायची हिंमत कुणाला झाली नाही. त्या माघात गंज्या तुकड्यातुकड्यांनी उभ्या राहिल्या. शेकोट्या तशाच, निखारे तसेच पुरलेले, आणि शेजाऱ्यावरचा संशयही तसाच. फाल्गुनात पुन्हा एक गंजी पेटली. ती एकटीच जळाली. चारी बाजूंनी माणसं उभी राहू शकली. गावानं मान डोलावली आणि म्हटलं, गाढवांची पुण्याई. पाडव्याला चुलतीनं गाढवांना पुरणपोळी खाऊ घातली.

अक्षय्यतृतीयेला कुंभारीण आमच्याकडे पितरांच्या पूजेचे मातीचे करे घेऊन आली. आईनं तिच्या पदरात धान्य घातलं. मला त्या दिवशी फार समाधान वाटत होतं. मी ओट्यावरून म्हटलं, "काय मावशी, शेवटी गावानं दिली ना तुम्हाला जागा?"

तिनं रिकामी पाटी डोक्यावर ठेवली, पदर सारखा केला आणि म्हणाली, "आमाला कुटं दिली, पाटील? गाढवांला दिली. आमी आपलं त्यांच्यामागं ऱ्हातो."